खाचरांतील सोमल

आमच्या घरीं जुन्या पोथ्यांचें एक गांठोडें आहे. वैशाखाच्या कडक उन्हांत, पाऊस तोंडावर येण्यापूर्वीं, तें सोडून पोथ्यांना ऊन दाखविण्याचा प्रघात वडिलांपासून चालत आलेला आहे. गेल्या खेपेस घरांतील मुलें भोंवतीं जमलीं होतीं. एका पानावरील पिवळ्या डागांकडे बोट करून त्यांतील एकानें विचारलें, "काका, हे हळदीचे डाग का?" आम्हीं सांगितलें, हळद नव्हे, हा हरताळ. लिहिणाराच्या हातून अक्षर चुकलें म्हणजे तो त्यावर हरताळ फासून तें बुजवी, आणि वाळल्यावर त्याच जागीं शुद्ध अक्षर लिही. 'अमक्यानें आपल्या वचनाला हरताळ फासला' असें आपण सहज बोलून जातों, त्याचें मूळ ह्या पिवळ्या डागांत आहे. मुलांचें समाधान झालें. आमचें मात्र झालें नाहीं. हरताळ म्हणजे गंधक व सोमल ह्यांचा संयोग, हें आम्हांस ठाऊक होतें, आणि डागावरून फिरविलेलें बोट तोंडांत घालण्याच्या बेतांत धाकटे चिरंजीव होते. त्यांस प्रथम हात धुवावयास पाठविलें.

त्याच आठवड्यांत आमच्या पुतणीचें पत्र आलें. जांवई नोकरीनिमित्त बंगालमध्यें नदिया जिल्ह्यांत असल्यामुळें तिचा संसार तिकडेच आहे. मुलाचें उष्टावण जवळ आलें आहे, शेजारच्या शेतकऱ्यानें नुकत्याच कापलेल्या उन्हाळी भाताचे तांदूळ प्रेमानें आणून दिले आहेत, आणि तिच्या कानावर आलें आहे कीं, त्या भागांतील पाण्यांत व तांदळांत सोमल असतो. "काका, हें खरें का? खरें असल्यास बाळाच्या पहिल्या घांसाला काय भरवूं?" इतकाच तिचा प्रश्न. पत्र हातांत घेऊन आम्ही त्या पोथीकडे पुन्हां पाहिलें. पोथींतील सोमल पिढ्यान् पिढ्या पानावरून हललेला नाहीं. नदियाच्या जमिनींतील सोमल मात्र मातींतून पाण्यांत, पाण्यांतून मुळांत व मुळांतून दाण्यांत चढतो. विष एकच, मग एक असा जड आणि दुसरा असा चपळ कां? पुतणीला उत्तर द्यावयाचें तर आधीं हें कोडें सोडविणें भाग होतें.

हरताळ पिवळा, मनशीळ तांबडी आणि सोमल पांढरा. तिघांचीही वैद्यांना जुनी ओळख. हीं द्रव्यें ज्या एका मूलद्रव्यापासून झालीं त्यास रसायनशास्त्रांत आर्सेनिक म्हणतात. ह्या लेखांत तें मूलद्रव्य कोणत्याही रूपांत असलें तरी आम्ही त्याला सोमलच म्हणणार आहों; वाचकांतील रसायनज्ञांनीं एवढी मोकळीक द्यावी. मूलद्रव्य असल्यामुळें सोमल जाळून नाहींसा होत नाहीं व कुजवून कुजत नाहीं. मातींतील जंतु पुष्कळशा विषांचे तुकडे करून त्यांना निरुपद्रवी करतात. सोमलाचे तुकडे करणें त्यांच्या शक्तीबाहेरचें आहे. त्याचा फक्त वेष बदलतां येतो. हवा खेळती असलेल्या मातींत तो आर्सेनेट ह्या रूपानें राहतो, आणि हें रूप लोखंडाच्या गंजाला घट्ट चिकटून बसतें. प्राणवायु तुटला म्हणजे तो आर्सेनाइट होतो. हें रूप अधिक विषारी, आणि त्याचें बंधनही सैल, त्यामुळें तें पाण्याबरोबर हिंडतें. तिसरा वेष मिथिलाचा. सोमलाच्या अणूला कार्बन-हायड्रोजनचीं एक, दोन किंवा तीन शेपटें जोडलीं म्हणजे त्याची वागणूक निराळीच होते, आणि तिन्ही शेपटें लागलीं तर तो वायु होऊन उडूनही जाऊं शकतो. वेष पालटण्याचें हें काम आपोआपही थोडेंफार घडतें. परंतु बहुतेक कारभार मातींतील सूक्ष्म जंतूंच्या व बुरशीच्या हातीं आहे.

ह्या कारभाराचा सुगावा प्रथम लागला तो शेतांत नव्हे, तर युरोपांतील सुखवस्तु लोकांच्या दिवाणखान्यांत. १७७५ सालीं शेले ह्या स्वीडिश रसायनज्ञानें तांबें व सोमल ह्यांपासून एक सुंदर हिरवा रंग तयार केला. पुढील शतकांत तो भिंतींस चिकटविण्याच्या कागदांवर, कापडांवर, कृत्रिम फुलांवर, फार काय मुलांच्या खेळण्यांवरही चढला. दमट घरांत त्या कागदाला बुरशी येई, खोलींत लसणासारखा वास सुटे, आणि तेथें निजणारीं माणसें आजारी पडत. कागदावरील रंगाची धूळ पोटांत जात असावी असें कांहींचें मत. इतरांस वाटे, भिंतींतून एखादा विषारी वायूच निघत असला पाहिजे. १८९० नंतरच्या दोन-चार वर्षांत बार्तोलोमेओ गोसिओ ह्या इटालियन वैद्यानें हा वाद प्रयोगशाळेंत आणला. बटाट्याच्या लगद्यांत सोमल मिसळून त्यावर त्यानें बुरशी वाढविली, आणि खरोखरच लसणाच्या वासाचा वायु निघूं लागला. त्या वायूला गोसिओचेंच नांव पडलें. पण तो कोण, हें कळावयास १९३३ साल उजाडलें. इंग्लंडांतील लीड्स येथील फ्रेडरिक चॅलेंजर ह्यांनीं तो तीन शेपटांचा सोमल असल्याचें सिद्ध केलें.

गंमत अशी कीं, ज्या मारेकऱ्याचा एवढा तपास चालला होता तो बहुधा निर्दोष होता. २००५ सालीं दोघां रसायनज्ञांनीं सारें जुनें दप्तर तपासून दाखविलें कीं, हा वायु लोक समजत होते तितका विषारी नाहीं. धुळीचा पक्षच अधिक खरा असावा, असें आम्हांसही वाटतें. परंतु चुकीच्या संशयापोटीं केलेल्या त्या प्रयोगानें एक मोठी गोष्ट हातीं दिली. शिळ्या भाकरीवर येणाऱ्या बुरशीच्या जातीची क्षुद्र वनस्पति सोमलासारख्या विषाला हात घालते, आणि त्याचें रूप पालटून त्याला हवेंत सोडून देते!

दुसरा पुरावा गुरांच्या हौदांत सांपडला. दक्षिण आफ्रिकेंत गोचिड्या मारण्यासाठीं सोमलाच्या पाण्यानें भरलेल्या हौदांतून गुरांना पोहवून काढीत. १९१८ सालीं ग्रीन नांवाच्या संशोधकानें अशा हौदांतून दोन जंतु वेगळे काढले. एक आर्सेनाइटाचें आर्सेनेट करी, दुसरा आर्सेनेटाचें आर्सेनाइट. एकानें विणावें आणि दुसऱ्यानें उसवावें, असा तो प्रकार.

हे जीव असा उद्योग कां करतात? परोपकारासाठीं खास नव्हे. आर्सेनेट आणि फॉस्फेट ह्यांची घडण इतकी सारखी कीं, पेशीच्या दारावरील पहारेकऱ्याला दोघांतील भेद नीट ओळखतां येत नाहीं. फॉस्फेट तर प्रत्येक जिवाला हवेंच. तें घेण्याच्या भरांत सोमल आंत शिरतो. ह्या आगंतुकाला हांकलण्यासाठीं जंतु त्याचें आर्सेनाइट करतो, कारण आर्सेनाइट बाहेर ढकलण्याची सोय त्याच्यापाशीं असते. म्हणजे जंतूनें आपलें घर झाडलें आणि केर शेजाऱ्याच्या अंगणांत लोटला. भाताच्या खाचरांत हा शेजारी बहुधा भाताचें मूळच असतें. दुसरे कांहीं जंतु ह्याहून धाडसी. आपण जसा प्राणवायूवर श्वास चालवितों, तसे हे प्राणवायु नसलेल्या चिखलांत आर्सेनेटावर श्वास चालवितात. असा जंतु असूं शकतो, हें अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्समधील गाळाच्या अभ्यासांतून १९९४ सालीं प्रथम उघडकीस आलें. ह्यांच्या उलट, आर्सेनाइटाला प्राणवायु जोडून त्यांतून निघणाऱ्या शक्तीवर गुजराण करणारेही जंतु आहेत. त्यांचे आपण उपकार मानावे, कारण त्यांच्या हातून मोकाट सोमल पुन्हां गंजाला बांधला जातो.

आतां बंगालकडे वळूं. हिमालय झिजून गंगा व ब्रह्मपुत्रा ह्यांनीं हजारों वर्षें जो गाळ आणून टाकला, त्याच्या कणांवर लोखंडाच्या गंजाचा पातळ लेप असतो, आणि त्या लेपांत थोडाथोडा सोमल. तो तेथें निमूट बसला असता तर कोणाचें कांहीं बिघडलें नसतें. परंतु गाळाबरोबर पालापाचोळाही पुरला गेला. तो खाऊन जगणाऱ्या जंतूंना खालीं प्राणवायु मिळेना, तेव्हां त्यांनीं लोखंडाच्या गंजावरच श्वास चालविला. गंज विरघळला, आणि त्याला धरून बसलेला सोमल भूगर्भांतील पाण्यांत सुटला. पश्चिम बंगालमधील गाळ प्रयोगशाळेंत ठेवून मँचेस्टर येथील संशोधकांनीं २००४ सालीं ह्या जंतूंचा हात दाखवून दिला.

तोंपर्यंत अनर्थ होऊन चुकला होता. तळ्यांचें पाणी पिऊन पटकी व हगवण ह्यांनीं मुलें दगावत. म्हणून, विशेषतः १९७० नंतरच्या काळांत, बंगालच्या दोन्ही भागांत लक्षावधि कूपनलिका खणल्या गेल्या. हेतु उत्तम होता. पाणी स्वच्छ, थंडगार, वास नाहीं, चव नाहीं. संशयास जागाच नव्हती. १९८३ सालीं कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय रोगसंस्थेंत डॉक्टर क्षितीशचंद्र साहा ह्यांच्याकडे अंगावर काळे-पांढरे ठिपके उठलेले व तळहाता-तळपायांस खरखरीत घट्टे पडलेले रोगी येऊं लागले. हा सोमलाचा संथ विषप्रयोग आहे, हें त्यांनीं ओळखलें. बांगलादेशांत १९९३ सालीं तीच ओळख पटली. २००० सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकांत तज्ज्ञांनीं लिहिलें कीं, एवढ्या मोठ्या जनसमूहाला झालेली विषबाधा इतिहासांत दुसरी नाहीं. पिण्याच्या एका लिटर पाण्यांत १० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा लाखावा भाग, इतकीच सोमलाची मर्यादा ती संघटना सांगते. तेथील असंख्य विहिरींत तो ह्याच्या कितीतरी पट निघाला. त्वचेच्या डागांवर हा रोग थांबत नाहीं. वर्षानुवर्षांच्या सेवनानें त्वचेचा, फुप्फुसाचा व मूत्राशयाचा कर्करोग होतो. आणि डागांचें दुःखही थोडें नव्हे. महारोग समजून मुलींचीं लग्नें मोडलीं, नांदत्या सुना माहेरीं धाडल्या गेल्या. बांगलादेशांत पुढें विहिरी तपासून विषारी नळांना तांबडा व निर्दोष नळांना हिरवा रंग देण्यांत आला. शेलेच्या हिरव्या रंगाची हकीकत आठवली म्हणजे दैवाच्या ह्या विनोदाचें हसूंही येत नाहीं.

पिण्याच्या पाण्याची गोष्ट पुष्कळांच्या कानीं आली असेल. शेताची गोष्ट तितकीशी कोणी सांगत नाहीं, आणि आमच्या पुतणीचा प्रश्न तर शेताचाच आहे. बंगालमध्यें पावसाळी भातास आमन म्हणतात. हिवाळ्यांत लावून उन्हाळ्याच्या तोंडीं कापतात तो बोरो. बोरोला पाऊस नाहीं. तो उपशाच्या पाण्यावर पोसतो. एका हंगामांत शेतावर मीटरभर उंचीचें पाणी द्यावें लागतें असें धरिलें, तर एका हेक्टराला एक कोटि लिटर पाणी होतें. त्या पाण्याच्या प्रत्येक लिटरांत १०० मायक्रोग्रॅम सोमल असेल, तर हंगामाअखेर त्या हेक्टरांत एक किलो सोमल येऊन पडला! पावसाळ्यांतील पूर त्यांतील कांहीं भाग धुऊन नेतो. उरलेला मातींत सांठतो.

सांठला तरी तो दाण्यांत जाईलच असें नाहीं. त्याच शेतांत गहूं पेरला तर गव्हांत फारच थोडा उतरेल, कारण गव्हाची जमीन वापशावर असते. तींत हवा खेळते व सोमल गंजाशीं जखडलेला राहतो. भाताचें तसें नाहीं. खाचरांत पाणी कोंडल्याबरोबर मातींतील जंतु उरलासुरला प्राणवायु थोड्याच दिवसांत संपवितात. मग ते गंजाकडे वळतात, आणि भूगर्भांत हजारों वर्षांपूर्वीं जो प्रकार सुरू झाला तोच कोणाही शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत, घोटाभर चिखलांत, दर हंगामाला घडतो. गंज विरतो, सोमल सुटतो, आणि सुटतांना आर्सेनाइट होऊन सुटतो.

येथें भाताच्या मुळाचीही एक उणीव आड येते. भाताच्या पानाची धार, तुसाचा खरखरीतपणा, खोडाचा ताठपणा हें सर्व सिलिकाचें, म्हणजे वाळूच्या द्रव्याचें देणें आहे. तें शोषून घेण्यासाठीं भाताच्या मुळांत खास दरवाजे आहेत, इतर धान्यांपेक्षां कितीतरी प्रशस्त. पाण्यांत विरघळलेलें सिलिका आणि आर्सेनाइट ह्यांचा आकार सारखा. २००८ सालीं जपानांतील जियान फेंग मा व त्यांचे सहकारी ह्यांनीं दाखविलें कीं, आर्सेनाइट ह्याच दरवाजांनीं आंत येतो. ज्या घरांत पाहुण्यांसाठीं दार सताड उघडें, तेथें चोरालाही तीच वाट. गहूं, जव ह्यांच्या मानानें भाताचें पीक सुमारें दहापट सोमल घेतें, त्याचीं हीं दोन कारणें: जंतूंनीं मोकळा केलेला सोमल आणि सिलिकाचें उघडें दार.

भात अगदींच असहाय मात्र नाहीं. कोंकणांतील ज्या वाचकांनीं खाचरांतून भाताचें रोप उपटून पाहिलें असेल त्यांना त्याच्या मुळांवरचें तांबूस पूट ठाऊक असेल. भाताच्या खोडांत पोकळ नळ्या असतात. त्यांतून वरची हवा मुळाशीं पोंचते व थोडी बाहेर झिरपते. तेवढ्या प्राणवायूनें, आणि लोखंडाला गंज चढविणाऱ्या जंतूंच्या साहाय्यानें, मुळाभोंवतीं गंजाचें कवच तयार होतें व तें पुष्कळसा सोमल वाटेंतच अडवितें. मुळापासून बोटभर अंतरावर गंज विरघळविणाऱ्या जंतूंचें राज्य, आणि मुळाच्या अंगाला लागून गंज चढविणाऱ्यांचें! चार बोटें चिखलांत केवढी ही ओढाताण. आणि तिच्या निकालावर आपल्या ताटांतील घांस अवलंबून.

राहिली मिथिलाच्या शेपटांची गोष्ट. तांदळाची परीक्षा केली असतां त्यांत दोन शेपटांचा सोमलही सांपडतो. भाताचें रोपच हीं शेपटें जोडीत असावें, असा पूर्वीं पुष्कळांचा समज होता. २०१२ सालीं निर्जंतुक पाण्यांत भात वाढवून पाहिला, तेव्हां त्यांत शेपटांचा सोमल मुळींच आढळला नाहीं. म्हणजे भाताला ही कला येत नाहीं. तांदळांत जो शेपटांचा सोमल असतो तो मातींतील जंतूंनीं घडविलेला. जंतूंमध्येंही पुन्हां पक्ष आहेत. २०१९ सालीं चिनी संशोधकांनीं दाखविलें कीं, खाचरांत गंधकाच्या क्षारांवर श्वास चालविणारे जंतु शेपटें जोडतात, आणि दलदलींतील ज्वालाग्राही मिथेन वायु निर्माण करणारे जंतु तीं काढून टाकतात.

दोन शेपटांचा सोमल माणसाला आर्सेनाइटापेक्षां पुष्कळ कमी बाधतो. तेव्हां शेपटें जोडणाऱ्या जंतूंचा जयजयकार करावा, असें वाचकांस वाटेल. पण हा सौदा फुकट नाहीं. दोन शेपटांचा सोमल मुळांतून थोडा शिरतो, पण दाण्याकडे मोठ्या वेगानें चढतो, आणि तेथें रोपाचा घात करतो. लोंब्या भरत नाहींत. दाणे पोंचट राहतात. आणि जी लोंबी भारानें लवावयाची ती रिकामी असल्यामुळें ताठ उभी राहते. अमेरिकेच्या दक्षिण भागांत कपाशीवर वर्षानुवर्षें सोमलाचीं औषधें फवारलीं गेलीं, आणि पुढें त्याच जमिनींत भात लावला गेला. तेथें हा रोग शेतकऱ्यांच्या चांगल्या ओळखीचा आहे. माणसाचें विष सौम्य झालें तें भाताच्या माथीं बसलें. तेथील तांदळांत शेपटांच्या सोमलाचा वाटा मोठा, तर बंगालच्या तांदळांत बिनशेपटांच्या, म्हणजे जहाल सोमलाचाच अधिक. सोमल किती ह्याइतकाच कोणत्या वेषांतला हा प्रश्न महत्त्वाचा आहे, तो ह्यासाठीं. म्हणूनच २०१४ सालीं अन्नाच्या आंतरराष्ट्रीय नियमांत सडलेल्या पांढऱ्या तांदळासाठीं जी मर्यादा घातली गेली, किलोमागें ०.२ मिलिग्रॅम, ती केवळ बिनशेपटांच्या सोमलाची आहे.

ह्यावर शेतांत उपाय काय? अमेरिकेंतील शेतकरी लोंबी निसवण्यापूर्वीं खाचराचें पाणी सोडून जमीन भेगाळेपर्यंत वाळूं देतात. आशियांतील तज्ज्ञही आतां सांगतात कीं, खाचर सदा तुडुंब न ठेवतां आळीपाळीनें भिजवावें व वाळवावें. वाळलें कीं हवा शिरते, गंज पुन्हां धरतो, सोमल बांधला जातो. पाणी वांचतें, आणि मिथेनही कमी निघतो. परंतु निसर्गाच्या दुकानांत सूट सहसा मिळत नाहीं. कोरड्या जमिनींत सोमल बांधला जातो त्या वेळीं कॅडमियम नांवाचा दुसरा घातक धातु सुटतो, आणि तोही भातांत चढतो. किती वाळवावें, केव्हां वाळवावें, हें ज्या त्या जमिनीची परीक्षा करूनच ठरवावें लागेल. सगळ्यांना एकच मात्रा सांगणाऱ्यांवर आमचा विश्वास नाहीं. एका नेच्याची हकीकतही मोठी नवलाची आहे. २००१ सालीं फ्लॉरिडांत आढळलें कीं, जुन्या ओलसर भिंतींवर व विहिरींच्या कांठांवर उगवणारा, आपल्याकडेही होणारा, एक साधा नेचा सोमल ओढून आपल्या पानांत शेंकडा दोन भागांपर्यंत सांठवितो आणि तरीही हिरवागार राहतो. तो लावून जमीन धुवावी अशी कल्पना आहे. पण कापलेला नेचा टाकावा कोठें, हा प्रश्न उरतोच. जाळला तरी सोमल जळत नाहीं!

एवढी तयारी झाल्यावर पुतणीला उत्तर लिहावयास बसलों. पहिली गोष्ट पाण्याची. घरच्या नळाचें पाणी तपासून घे, कारण विषारी पाण्यांत उत्तम तांदूळ शिजविला तरी तो पाण्यांतील सोमल पिऊन बसतो. त्या प्रदेशांत दीडशें मीटरांहून खोल विहिरींचें पाणी बहुधा निर्दोष असतें. तेंही तपासल्यावांचून घेऊं नये. दुसरी गोष्ट तांदळाची. बाळाला उपशाच्या पाण्याच्या बोरोऐवजीं पावसाच्या आमनचा तांदूळ भरवावा; त्यांत सोमल सामान्यतः कमी असतो. आणि कोंड्यासकट असलेला तांदूळ पौष्टिक म्हणून मुद्दाम देऊं नये. एरवीं तो गुणकारी खरा, पण सोमल कोंड्यांतच अधिक जमतो.

तिसरी गोष्ट शिजविण्याची. तांदूळ धुवण निर्मळ येईपर्यंत धुवावे, सहापट पाण्यांत शिजवावे आणि शिजल्यावर पेज गाळून टाकावी. ही रीत आपल्या आज्यांची, तशीच बंगालच्याही आज्यांची. २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत, निर्दोष पाणी वापरून ह्या जुन्या रीतीनें भात केला असतां तांदळांतील सोमल शेंकडा ५७ पर्यंत कमी झाल्याचें आढळलें. त्यांतील निम्मा केवळ धुवणांतच गेला. कुकरांत बेताचें पाणी घालून भात केला म्हणजे सर्व सोमल जागच्या जागीं राहतो. ही सूचना घरांत वाचून दाखविली तेव्हां आमच्या मातोश्रींनीं लगेच हरकत घेतली. पेज ओतून टाकावयाची? अन्नाचें सारें सत्त्व पेजेंत. आजाऱ्याला आपण पेज पाजतों ती काय उगीच? हरकत खरी आहे. पेजेबरोबर जीवनसत्त्वेंही जातात. आणि १९४३ च्या दुष्काळांत ह्याच बंगालमधील भुकेले लोक दारोदार अन्न नव्हे, तर भाताची पेज, त्यांच्या भाषेंत फेन, मागत फिरत होते. आमच्या कोंकणच्या पावसाळी भाताच्या पेजेला आम्ही बोल लावीत नाहीं; ती खुशाल प्यावी. नदियाचा हिशेब वेगळा आहे. तेथें गेलेलें सत्त्व डाळींतून, भाजींतून व माशांतून भरून काढतां येईल. पोटांत गेलेला सोमल परत काढणें तितकें सोपें नाहीं.

महिन्यानें तिचें उत्तर आलें. नळाचें पाणी मर्यादेच्या पुष्कळ वर निघालें. आतां गांवाबाहेरच्या खोल विहिरीचें, तपासलेलें पाणी आणतात. नळ आता फक्त मोरी धुण्याच्या उपयोगाचा. शेजाऱ्यानें दिलेले तांदूळ परत करणें जिवावर आलें, म्हणून ते तसेच फडताळांत आहेत. उष्टावण आमनच्या जुन्या तांदळाच्या भातानें, वरण-तूप घालून, यथासांग झालें. शेजारणीही आल्या होत्या. पेज गाळून टाकलेली पाहून त्यांतल्या एकीनें विचारलें, ही गाईला घालूं का? "काका, गाईपुढें बोरोचा पेंढा तर रोजच असतो, आणि तुम्हीं लिहिलें होतें कीं दाण्यापेक्षां पेंढ्यांत सोमल जास्त. त्यांत आणखी पेज कशाला, म्हणून मीं ती अंगणांतल्या जास्वंदीच्या मुळाशीं ओतली. बरोबर केलें ना?"